घाटात मार्ग चुकतो तेव्हा: निगेटिव्ह एज आणि उंचीचा हिशेब

बेळगावहून पणजीला इलेक्ट्रिक गाडीने यायचे आहे. वेळ आणि किलोमीटर बाजूला ठेवून बॅटरी सर्वांत कमी खाणारा मार्ग काढायचा आहे. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला, केरी, सांखळी असा एक रस्ता. रामनगर, अनमोड, मोले, फोंडा असा दुसरा. आणि तिलारी घाट उतरून दोडामार्गला येणारा तिसरा. रस्त्यांचे जाळे, म्हणजे ग्राफ, ओपनस्ट्रीटमॅप या मुक्त नकाशावरून घेतले, उंचीचा डेटा जोडला, प्रत्येक एजवर (दोन नोडांमधल्या रस्त्याच्या तुकड्यावर; नोड म्हणजे चौक किंवा रस्त्यावरचा बिंदू) किती युनिट वीज लागेल ते लिहिले, उतारावर मोटर बॅटरी भरते म्हणून तिथे उणे संख्या लिहिली, आणि डायक्स्ट्रा ही सर्वांत कमी खर्चाचा मार्ग शोधणारी पद्धत चालवली. मग पुढच्या तीनपैकी काहीतरी एक होते. मार्ग मिळतो, पण हाताने बेरीज केली तर दुसराच मार्ग स्वस्त निघतो. किंवा अख्खा घाट नकाशावर नसल्यासारखा मार्ग भलत्याच बाजूने जातो. किंवा प्रोग्राम थांबतच नाही आणि गाडी पणजीतल्या आल्तिनो टेकडीच्या दोन गल्ल्यांत फिरून फिरून बॅटरी भरत राहते.

गोव्यात प्रोजेक्टला हा विषय घेणाऱ्या मुलांकडून हा प्रश्न मला वारंवार येतो. त्याला मिळणारे ठरीव उत्तर म्हणजे ‘डायक्स्ट्रा काढा, बेलमन-फोर्ड घाला’. बेलमन-फोर्ड ही उणे खर्च असला तरी चालणारी, पण संथ पद्धत. हे उत्तर अपुरे आहे. त्याने पहिले लक्षण जाते, बाकीची दोन जात नाहीत. शिवाय नोड आणि एज यांच्या संख्यांच्या गुणाकाराइतके काम मोठ्या जाळ्यावर प्रत्येक प्रश्नासाठी करत बसणे परवडत नाही. घाटाच्या बाबतीत तर त्याची गरजही नसते, आणि ते का नसते हेच मला इथे नीट सांगायचे आहे.

डायक्स्ट्रा नेमका कुठे फसतो

डायक्स्ट्राने १९५९ साली तीन पानांत छापलेली ही पद्धत एकाच भरवशावर उभी आहे: एकदा सर्वांत कमी खर्चाचा नोड रांगेतून बाहेर काढला की त्याचा खर्च कायमचा ठरला, कारण पुढे चालत गेल्यावर खर्च वाढेलच. निगेटिव्ह एज, म्हणजे उणे खर्चाची एज, हा भरवसा मोडते.

चार नोड घ्या. क ते ग खर्च २, क ते ख खर्च ४, ख ते ग खर्च उणे ३, ग ते घ खर्च १. डायक्स्ट्रा ग ला २ वर बंद करतो, घ ला ३ वर बंद करतो आणि मग ४ खर्चाचा ख हाती घेतो. तिथून ग ला १ मध्ये पोचता येते, पण ग आधीच बंद झालेला. घ चे खरे उत्तर २, मिळालेले ३.

नेटवर्कएक्स ही पायथनमधली ग्राफची लायब्ररी वापरणाऱ्यांनी इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. बंद झालेल्या नोडला नंतर स्वस्त मार्ग दिसला की ती लायब्ररी परस्परविरोधी मार्ग सापडल्याची एरर देते, म्हणून पुष्कळांना वाटते की एरर नाही म्हणजे उत्तर बरोबर. पण तिच्या डायक्स्ट्रा फंक्शनला शेवटचा नोड सांगितलेला असला, तर तो नोड हाती येताच शोध थांबतो. वरच्या उदाहरणात घ सांगितला तर ख ची पाळीच येत नाही. एरर न येता ३ हे चुकीचे उत्तर मिळते.

सर्व वजनांत, म्हणजे एजवर लिहिलेल्या खर्चांत, एकच मोठी संख्या मिळवून सगळी वजने पॉझिटिव्ह करायची, ही युक्तीही प्रत्येक वेळी कोणीतरी सुचवते. ती करू नका. वरच्या ग्राफमध्ये प्रत्येक एजला ३ मिळवले तर क-ग-घ चा खर्च ९ होतो आणि क-ख-ग-घ चा ११. जास्त एज असलेल्या मार्गाला जास्त दंड बसला आणि चुकीचा मार्ग जिंकला. घाटातला रस्ता वळणावळणाचा असल्यामुळे नकाशावर त्याचे तुकडे जास्त पडतात, म्हणजे हा दंड नेमका घाटालाच बसतो.

आधी या तीन जागा बघा

पहिली जागा: ग्राफ दिशाहीन तर नाही ना? चोर्ल्याहून केरीला उतरताना वजन उणे आले आणि ग्राफ दिशाहीन असला, तर केरीहून चोर्ल्याला चढतानाही तेच उणे वजन लागते. खालीवर, खालीवर करत राहा, बॅटरी भरत राहील. दिशाहीन ग्राफमधली एकच निगेटिव्ह एज म्हणजे तयार निगेटिव्ह सायकल, म्हणजे एकूण खर्च उणे असलेली फेरी. बेलमन-फोर्ड इथे सायकल असल्याचे सांगून थांबेल, आणि त्याचे म्हणणे बरोबरच असेल. प्रत्येक रस्त्याच्या दोन दिशांच्या दोन वेगळ्या एज करा आणि दोन वेगळी वजने मोजा.

दुसरी जागा पीजीरूटिंग हे डेटाबेसमध्येच मार्ग शोधणारे साधन वापरणाऱ्यांसाठी. त्यातल्या डायक्स्ट्रामध्ये निगेटिव्ह खर्चाचा अर्थ ‘त्या दिशेने एज नाही’ असा ठरलेला आहे. एकेरी रस्ते मांडण्याची ती सोय आहे. तुम्ही उतारावर उणे १.१२ युनिट लिहिता आणि ती एज ग्राफमध्ये येतच नाही. एरर नाही, इशारा नाही. घाट गायब होण्याचे दुसरे लक्षण बहुधा इथूनच येते.

तिसरी जागा स्वतः लिहिलेल्या बेलमन-फोर्डमध्ये असते. ज्या नोडपर्यंत अजून पोचलोच नाही त्याचे अंतर ‘अनंत’ म्हणून एखादी मोठी पूर्णांक संख्या ठेवलेली असते. त्यात निगेटिव्ह वजन मिळवले की बेरीज अनंतापेक्षा कमी होते आणि प्रोग्रामला वाटते, मार्ग सुधारला. शेवटच्या फेरीत हीच खोटी सुधारणा सायकल म्हणून जाहीर होते. एजचा आरंभीचा नोड अजून अनंत असेल तर ती एज सोडून द्या, एवढेच करायचे आहे.

सायकल कुठे आहे ते कसे पकडायचे

सायकल आहे एवढे कळून भागत नाही, ती कुठल्या रस्त्यांवर आहे ते कळले तरच डेटा दुरुस्त होतो. बेलमन-फोर्डमध्ये नोडांची संख्या न असेल तर न वजा १ फेऱ्या पुरतात. त्यानंतरच्या फेरीतही एखाद्या नोडचे अंतर कमी झाले, तर सायकल आहे. पण तो नोड सायकलवरच असतो असे नाही. तो सायकलच्या पुढे कुठेतरी लोंबकळत असू शकतो. म्हणून त्या नोडपासून ‘मागचा नोड’ या नोंदीवरून न पावले मागे जा. तेवढ्या पावलांत तुम्ही सायकलच्या आत नक्की आलेले असता. तिथून पुन्हा मागे चालायला लागा आणि तोच नोड परत येईपर्यंतचे सगळे नोड छापा. ते नकाशावर रंगवून बघा. हे काम कंटाळवाणे वाटले तरी टाळू नका, कारण यातूनच मूळ दोष डोळ्यांना दिसतो.

घाटाच्या प्रोजेक्टमध्ये रंगवलेली सायकल पाहिली की पुष्कळांना आश्चर्य वाटते. ती चोर्ल्यात नसते, अनमोडलाही नसते. ती पणजीच्या आल्तिनोवर, पर्वरीच्या चढावर, एखाद्या दोनशे मीटरच्या गल्लीत असते. कारण समजण्यासाठी आधी घाटाचा हिशेब करू.

घाटाचा हिशेब

समजा गाडी माणसांसह १,५०० किलोची आहे आणि उतार ७०० मीटरचा आहे. गाडीचे वस्तुमान, गुरुत्व आणि उंची यांचा गुणाकार केला की स्थितिज ऊर्जेतला फरक येतो २.८६ युनिट, म्हणजे किलोवॅट-तास. टायरचे घर्षण आणि हवेचा विरोध यांत त्या अंतरात १ युनिट जाते असे धरू. उतरताना उरतात १.८६ युनिट. मोटर त्यातली ६० टक्के बॅटरीत परत घालते असे मानले तर १.१२ युनिट मिळतात. एजचे वजन उणे १.१२. चढताना घर्षणासह ३.८६ युनिट चाकांना हवेत. बॅटरीपासून चाकापर्यंत ८५ टक्के पोचतात असे मानले तर बॅटरीतून ४.५४ युनिट जातात.

खालीवर मिळून ३.४२ युनिट खर्च. म्हणजे निगेटिव्ह एज आहे, पण सायकल ठाम पॉझिटिव्ह आहे. हे या आकड्यांपुरते नाही. निघालो तिथेच परत आलो तर उंचीतला फरक शून्य, आणि वाटेत घर्षण व उष्णता यांत ऊर्जा गेलेलीच असते. रस्त्याने फेरी मारून बॅटरी भरणारी गाडी निसर्गात नाही. म्हणून ऊर्जेच्या ग्राफमध्ये निगेटिव्ह सायकल सापडली, तर अल्गोरिदम बदलण्याआधी डेटाकडे वळा. सायकल म्हणजे डेटाने ऊर्जा-अक्षय्यतेचा नियम मोडल्याची पावती आहे.

आता आल्तिनोकडे या. पुष्कळ जण उंची फोनच्या दाबमापकातून किंवा जीपीएसच्या नोंदीतून घेतात आणि प्रत्येक एजला तिचा स्वतःचा चढ-उतार चिकटवतात. समुद्रसपाटीजवळ हवेचा दाब १ हेक्टोपास्कलने बदलला की उंचीत सुमारे ८ मीटरचा फरक दिसतो. पावसाळ्यात सकाळी एका दिशेने आणि दुपारी दुसऱ्या दिशेने नोंद केली, मधल्या वेळात दाब ३ हेक्टोपास्कलने हलला, की तोच चौक २५ मीटर वर किंवा खाली सरकतो. समजा दोनशे मीटरच्या गल्लीत जाताना २५ मीटर उतार नोंदला गेला आणि येताना रस्ता सपाट नोंदला गेला. उताराची ऊर्जा ०.१०२ युनिट, घर्षण फक्त ०.०१३. जाताना बॅटरीला ०.०५३ मिळतात, परत येताना ०.०१५ जातात. झाली निगेटिव्ह सायकल. चोर्ल्याच्या सोळा-सतरा किलोमीटरच्या रस्त्यावर हीच २५ मीटरची चूक घर्षणात बुडून जाते. छोट्या गल्लीत बुडायला जागाच नसते.

उंची नोडला द्या, एजला देऊ नका

उपाय छोटा आहे आणि मला तो फार महत्त्वाचा वाटतो. प्रत्येक नोडला एकच उंची द्या आणि एजचा चढ-उतार दोन टोकांच्या उंचींच्या वजाबाकीतूनच काढा. कुठल्याही एजवर वेगळा नोंदलेला चढ-उतार ठेवू नका. मग कुठल्याही फेरीत उंचीतल्या फरकांची बेरीज आपोआप शून्य होते.

यातली खरी गंमत अशी की सायकल टाळण्यासाठी उंची अचूक असण्याचीही गरज नाही. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर शटलवरून झालेल्या एसआरटीएम या रडार मोजणीची उंची मोफत मिळते, साधारण ३० मीटरच्या चौकोनांत. सत्तरी तालुक्याच्या दाट रानात रडारचा परतावा बराचसा झाडांच्या वरच्या थरातून येतो, त्यामुळे रस्ता आहे त्याहून उंच दिसतो. मांडवीवरचा अटल सेतू २०१९ साली सुरू झाला. २००० सालच्या डेटात तो असणारच नाही, आणि पुलाच्या मधल्या नोडला खालच्या पाण्याची उंची मिळते. अशा चुकांनी खर्चाचा अंदाज बिघडतो, पुलावर नसलेले चढ-उतार दिसतात, ते दुरुस्त केलेच पाहिजेत. पण उंची नोडची असेल तर या चुकांनी निगेटिव्ह सायकल तयार होऊ शकत नाही. अंदाज चुकणे वेगळे आणि प्रश्नच निरर्थक होणे वेगळे. पुलांसाठी दोन टोकांची उंची घेऊन मधल्या नोडांना त्यांच्या दरम्यानची सरळ रेषेतली उंची दिली की पुष्कळ काम होते.

वजन म्हणून वाया गेलेली ऊर्जा लिहा

आता एक पाऊल पुढे. बॅटरीतून किती गेले ते एजवर लिहिण्याऐवजी वाटेत किती वाया गेले ते लिहा. चोर्ल्याहून उतरताना स्थितिज ऊर्जेतून २.८६ गेले, बॅटरीत १.१२ परत आले, म्हणजे १.७४ वाया. चढताना बॅटरीतून ४.५४ गेले, त्यातले २.८६ उंचीच्या रूपात शिल्लक आहेत, म्हणजे १.६८ वाया. दोन्ही आकडे पॉझिटिव्ह, आणि त्यांची बेरीज पुन्हा तीच ३.४२. मे महिन्यात एसी चालू ठेवला तर त्याची वीजही याच रकान्यात जाते.

वाया गेलेली ऊर्जा कधी निगेटिव्ह होत नाही. त्यामुळे साधा, वेगवान डायक्स्ट्रा पुन्हा कामाला येतो. शेवटी मिळालेल्या बेरजेत शेवटच्या आणि सुरुवातीच्या नोडच्या स्थितिज ऊर्जेतला फरक मिळवला की बॅटरीचा खरा खर्च मिळतो. हा फरक बेळगाव-पणजीच्या प्रत्येक मार्गाला सारखाच असल्यामुळे कोणता मार्ग स्वस्त हे बदलत नाही. सर्व एजना सारखी संख्या मिळवण्याच्या युक्तीत जे बिघडत होते ते इथे बिघडत नाही, कारण मधल्या प्रत्येक नोडची ऊर्जा एकदा मिळवली जाते आणि एकदा वजा होते.

ही रक्कम वाया गेलेल्या ऊर्जेच्या सूत्रातून थेट मोजा. आधी बॅटरीचे वजन काढून मग त्यात स्थितिज ऊर्जा मिळवली, तर दशांशाच्या गोळाबेरजेमुळे शून्याच्या जवळच्या एखाद्या एजवर उणे ०.००००००००१ सारखे काहीतरी येते आणि लायब्ररी पुन्हा तक्रार करते.

माथ्यावर भरलेली बॅटरी

हे सगळे झाल्यावरही एक खरी अडचण उरते. चोर्ल्याच्या माथ्याजवळ कोणी बॅटरी शंभर टक्के भरून घेतली, तर उतारावरचे १.१२ युनिट जाणार कुठे? बॅटरीत जागा नाही. अशा वेळी एजचे वजन ठराविक राहत नाही, ते आत शिरतानाच्या चार्जवर अवलंबून असते.

तरीही डायक्स्ट्रा वाचतो. रांगेत प्रत्येक नोडसाठी ‘बॅटरीतील चार्ज अधिक स्थितिज ऊर्जा’ ठेवा आणि दर वेळी ही बेरीज सर्वांत जास्त असलेला नोड बाहेर काढा. एज ओलांडताना चार्ज बॅटरीच्या क्षमतेपेक्षा वर गेला तर क्षमतेवर कापा. शून्याखाली गेला तर ती एज त्या गाडीसाठी बंद. कापल्याने ऊर्जा फक्त कमीच होते, म्हणून ही बेरीज वाटेत कधी वाढत नाही. आणि जास्त चार्ज घेऊन निघालेली गाडी कमी चार्जवाल्या गाडीपेक्षा पुढच्या नोडवर कधी मागे पडत नाही. डायक्स्ट्राला या दोनच गोष्टी लागतात. मात्र एकाच एजमध्ये आधी उतार आणि मग चढ असेल तर ती एज खोलगट जागी तोडा, नाहीतर मधेच बॅटरी भरल्याचे कळणार नाही.

चार्जिंग स्टेशन मात्र निगेटिव्ह एज म्हणून मांडू नका. स्वतःकडे परत येणारी उणे वजनाची एज म्हणजे सायकलच. चार्जर बाहेरून वीज देतो, तेव्हा तिथे ऊर्जेऐवजी वेळ किंवा पैसे मोजायला लागा.

उंचीसारखे काही नसेल तेव्हा

वजने भौतिक नसली तर असा तयार आधार मिळत नाही. तेव्हा जॉन्सनची १९७७ ची पद्धत: एक जादा नोड घ्या, त्यातून प्रत्येक नोडला शून्य वजनाची एज द्या, बेलमन-फोर्ड एकदाच चालवा. मिळालेली अंतरे हीच नोडांची ‘उंची’. वरच्या चार नोडांसाठी ती येते क आणि ख शून्य, ग उणे ३, घ उणे २. प्रत्येक वजनात आरंभीच्या नोडची उंची मिळवून शेवटच्याची वजा केली की क-ग ५, क-ख ४, ख-ग शून्य, ग-घ शून्य. आता डायक्स्ट्रा क-ख-ग-घ निवडतो. त्याच्या ४ मध्ये शेवटच्या नोडची उणे २ मिळवली की खरे उत्तर २.

इथे सायपाय ही पायथनची गणिताची लायब्ररी वापरणाऱ्यांना एक खड्डा आहे. पद्धत हाताने लिहून निकाल पूर्ण सारणी म्हणून पुढे दिला, तर त्या सारणीत शून्य म्हणजे ‘एज नाही’ असा अर्थ होतो. नेमक्या शून्य झालेल्या, म्हणजे सर्वांत उपयोगाच्या एज नाहीशा होतात. स्पार्स सारणीत (जिच्यात फक्त असलेल्या एज नोंदतात) शून्य स्पष्ट लिहून ठेवा, किंवा सरळ तिथले तयार जॉन्सन फंक्शन वापरा.

आणि कधी निगेटिव्ह सायकल खरोखरच असते. शुक्रवारच्या म्हापशाच्या बाजाराला माल पोचवणाऱ्या पिकअपचे भाडे उणे खर्च म्हणून लिहिले, तर फेरी फायद्याची निघणारच. पण तोच माल दोनदा पोचवता येत नाही. ‘प्रत्येक जागा एकदाच’ अशी अट घातली की तो लघुतम मार्गाचा प्रश्न राहत नाही. तो एनपी-हार्ड, म्हणजे झटपट अचूक सोडवण्याची पद्धत माहीत नसलेला, प्रश्न होतो आणि त्याला वाहन-नियोजनाची वेगळी साधने लागतात. बेलमन-फोर्डशी झगडत बसून तो सुटणार नाही.

शेवटची तपासणी

कुठलीही पद्धत वापरली तरी उत्तर छापण्याआधी मूळ वजनांवर दोन गोष्टी तपासा. प्रत्येक एजसाठी पुढच्या नोडचे अंतर हे मागच्या नोडचे अंतर अधिक एजचे वजन यापेक्षा जास्त नसावे. आणि प्रत्येक नोडच्या नोंदवलेल्या मार्गाची बेरीज त्याच्या अंतराइतकीच असावी. दोन्ही जमले तर उत्तर बरोबर आहे, मग ते कुठल्याही अल्गोरिदमने काढलेले असो. पहिली अट मोडली तर जी एज मोडते तिचे नाव छापा. मार्ग कुठे चुकला त्याचा शोध त्या रस्त्यापासून सुरू करता येतो. सर्व एजवरून एकच फेरी लागते, म्हणून ही तपासणी डेटा बदलेल तेव्हा दर वेळी चालवा. उंचीचा डेटा बदलल्यावर तर नक्कीच.